गार वायूचे चोर आणि कस्टमची शाळा

मुलांनो, कस्टमचे अधिकारी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? बुटाच्या टाचेत लपवलेली सोन्याची बिस्किटं, खोट्या तळाची सूटकेस, विमानतळावर घाम पुसणारा एखादा प्रवासी. सिनेमात तर हेच असतं! पण या अधिकाऱ्यांना एक वेगळाच चोरटा माल ओळखायला शिकावं लागतं. तो चमकत नाही, त्याला रंग नाही, जवळजवळ वासही नाही. तो असतो लोखंडी सिलिंडरमध्ये आणि त्याचं काम असतं गार करणं. फ्रिजमध्ये, एसीमध्ये, मोटारीत, बर्फाच्या कारखान्यात तोच वायू फिरत असतो.

आमच्या कर्वेनगरात फ्रिज-एसी दुरुस्तीची कितीतरी छोटी दुकानं आहेत. तिथे दारात असे सिलिंडर उभे केलेले तुम्ही पाहिले असतील. एकदा वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका मुलाने विचारलं, "बाई, गॅस काय कोणी चोरून आणतं का? सोनं आणेल!" प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तरासाठी आधी आकाशात जाऊन येऊ.

जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर ओझोन वायूचा थर आहे. सूर्याचे घातक अतिनील किरण तो अडवतो. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड या शास्त्रज्ञांनी सांगितलं, की फ्रिजमधला सीएफसी हा वायू वर पोचला की त्यातला क्लोरिन सुटा होतो आणि ओझोन मोडत सुटतो. क्लोरिनचा एकेक अणू जवळजवळ एक लाख ओझोन रेणूंचा फडशा पाडू शकतो. पुढे १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर हा थर विरळ झालेला दाखवून दिला आणि जग खडबडून जागं झालं. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. (ओझोन मोजण्याच्या कामात आपलं पुणंही मागे नाही बरं का! शिवाजीनगरचं 'सिमला ऑफिस' म्हणजे हवामान खात्याची कचेरी. फुग्याला बांधून वर सोडायचं ओझोनमापक उपकरण या खात्याने पुण्यात तयार केलं.)

आता चोरी कुठे सुरू झाली ते पाहा. करारात श्रीमंत देशांनी सीएफसी आधी बंद करायचे, १९९६ पासून. आणि आपल्यासारख्या देशांना २०१० पर्यंत मुदत. ही सवलत न्याय्यच होती, कारण बिघाड मुख्यतः त्यांनी केला होता. पण त्यामुळे एक गंमत झाली. एका देशात जी वस्तू दुर्मीळ आणि महाग, तीच दुसऱ्या देशात मुबलक आणि स्वस्त. अमेरिकेतल्या जुन्या मोटारींच्या एसीला तोच जुना वायू हवा होता. मग काय, बोटी भरभरून तो चोरट्या मार्गाने जाऊ लागला. नव्वदच्या दशकात मायामी बंदरात कोकेन खालोखाल किमतीचा चोरटा माल हाच आहे, असं बोललं जाई!

आपल्या शेजारीही असंच घडलं. भारत तेव्हा सीएफसी बनवणारा मोठा देश होता. २००० च्या सुमारास नेपाळच्या कस्टमने परवान्याशिवाय आलेला सुमारे ७४ टन सीएफसी पकडला. नेपाळला वर्षाला साधारण २७ टनांची मर्यादा होती, म्हणजे हा जवळजवळ तीन वर्षांचा माल झाला. पकडला खरा, पण आता करायचं काय? सोडून दिला तर आकाशात जाणार. नष्ट करायचा तर खास भट्टी हवी आणि पैसा हवा. शेवटी तो दरवर्षी थोडाथोडा करून वापरायला काढायचा, असं ठरलं.

भारताने २००० साली या पदार्थांसाठी नियम केले. आयात-निर्यातीला परवाना लागू लागला आणि १ ऑगस्ट २००८ पासून सीएफसी बनवणंच बंद झालं. पण कागदावरचा नियम बंदरावर कोण पाळून घेणार? कस्टमचा अधिकारी! म्हणून त्याच्यासाठी शाळा भरली. फरिदाबादच्या कस्टम अकादमीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या मदतीने अधिकाऱ्यांना आणि त्यांना शिकवणाऱ्यांनाही धडे देण्यात आले. मोठी माणसंही बाकावर बसून रसायनशास्त्र शिकतात, हे मला फार आवडतं. 'आम्हाला याचा पुढे काय उपयोग?' असं विचारणाऱ्या दादा-ताईंना हे जरूर सांगा.

या शाळेत काय शिकवतात? पहिला धडा कागदपत्रांचा. जगभर प्रत्येक मालाला एक आकडा असतो. या वायूंचे आकडे २९०३ पासून सुरू होतात. नाव काहीही लिहा, आकडा जुळला पाहिजे. चोर मग नवी युक्ती करतो. कंटेनरच्या दाराशी कायदेशीर माल रचतो आणि मागे बंदीचा. किंवा कागदावर लिहितो 'जुना, वापरलेला वायू', कारण वापरलेल्या वायूला काही ठिकाणी सूट असे. इथे अधिकाऱ्याची हुशारी पाहा. वापरलेल्या वायूत यंत्राचं तेल आणि ओलावा मिसळलेला असतो. सिलिंडरमधला नमुना स्वच्छ निघाला, तर तो नवाच आहे हे उघड. स्वच्छपणाच चोराला पकडून देतो!

दुसरा धडा दाबाचा. बंद सिलिंडरमधला दाब आत माल किती आहे यावर नाही, तर वायू कोणता आणि तापमान किती यावर ठरतो. (आत थोडा तरी द्रव उरलेला हवा.) २५ अंश सेल्सिअसला आर-२२ चा दाब हवेच्या दाबाच्या दहा पटींहून जास्त, तर आर-१३४ए चा साधारण साडेसहा पट. म्हणजे दाबमापक लावला की हे दोघे वेगळे पडतात. पण जुना बंदीचा आर-१२? त्याचाही साडेसहा पटच! चोरांनी आर-१२ वर आर-१३४ए ची चिठ्ठी चिकटवण्यामागे हेही कारण. म्हणून अधिकाऱ्यांना हातात धरायचं एक यंत्र देतात. ते नमुन्यातून अवरक्त किरण सोडतं आणि वायू कोणता ते काही मिनिटांत सांगतं.

सिलिंडर मात्र कसाही उघडायचा नाही, हेही शिकवतात. आतला द्रव बाहेर येताच उणे तीस अंशांच्या आसपास उकळतो आणि बोट गोठवतो. शिवाय खोटा माल काय करील, सांगता येत नाही. २०११ साली थंड कंटेनरांमध्ये भेसळीचा वायू भरला गेला होता. त्यातल्या मिथाइल क्लोराइडची ॲल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन हवेत पेटणारा पदार्थ तयार झाला. स्फोट झाले आणि तीन कामगार जिवाला मुकले. ते बिचारे नेहमीची दुरुस्ती करत होते.

आता तुमच्यासाठी खरी मेजवानी. वायूच्या नावातला आकडा ही एक गुप्त लिपी आहे! आकड्यात ९० मिळवा. आर-१२ घ्या : १२ + ९० = १०२. पहिला अंक कार्बन १, दुसरा हायड्रोजन ०, तिसरा फ्लोरिन २. एका कार्बनला चार हात असतात. दोन फ्लोरिनने धरले, उरलेले दोन क्लोरिनने. म्हणजे ओझोनचा शत्रू! आर-१३४ए : १३४ + ९० = २२४. कार्बन २, हायड्रोजन २, फ्लोरिन ४. दोन कार्बनचे एकमेकांना धरून सहा हात उरतात, ते सगळे भरले. क्लोरिनला जागाच नाही. ओझोनला धोका नाही. (पण हा वायू पृथ्वी तापवतो, म्हणून २०१६ च्या किगाली करारात त्याच्याही कपातीचं ठरलं. एक घर सोडवलं की दुसरं अडतं.)

आर-२२ तुम्ही करून पाहा. एसीतला हा वायू भारत २०३० पर्यंत बंद करणार आहे. तो महाग होत जाईल तसा चोरांना त्याचा मोह पडणार, आणि न्हावाशेवाच्या बंदरावर अधिकाऱ्यांचं काम वाढणार.

रविवारी आईबाबांबरोबर घरच्या फ्रिजच्या मागची चिठ्ठी वाचा. हात लावायचा नाही, फक्त वाचायची. तिथे आर-१३४ए किंवा आर-६००ए असं काहीतरी सापडेल. ४०० ते ६०० च्या घरातल्या आकड्यांना आपली ९० ची युक्ती लागू नाही, तेव्हा गोंधळू नका. एसीवर आर-३२ असेल तर सोडवा. आणि जरा अवघड हवं असेल तर आर-१४१बी घ्या. फोम बनवायला वापरला जाणारा हा पदार्थ आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून बंद झाला आहे. त्यात क्लोरिन किती? शेवटच्या 'बी' कडे सध्या दुर्लक्ष करा. उत्तर पोस्टकार्डावर, हातांच्या चित्रासकट पाठवा. पुढच्या अंकात आपण ताळा करू.