तीर्थरूपांसह सरकारी मोटारीनें

वृद्ध मातापित्यांस स्थलदर्शनास न्यावयाचें तर स्वतंत्र मोटार भाड्यानें ठरवावी, हा अलीकडे सुस्थितींतील कुटुंबांत जवळजवळ नियमच होऊन बसला आहे. मुलगा मोबाईलवरून गाडी सांगतो, गाडी दाराशीं येते, देवळें भराभर दाखविलीं जातात आणि संध्याकाळीं सर्वजण न थकतां व न बोलतां परत येतात. आमचाहि बेत असाच होता. तो मोडला, आणि मोडला हें फार बरें झालें. कसें तें सांगण्याकरितां या महिन्याचें सदर आम्ही खर्चीं घालीत आहों.

गेल्या ज्येष्ठांत आम्हीं चालती नोकरी सोडली व पाठीवर एक पिशवी घेऊन देश पाहण्यास बाहेर पडलों, हें नेहमींच्या वाचकांस ठाऊक आहेच. कन्याकुमारी, मदुरा, तंजावर, कोची असें करीत मार्गशीर्षांत आम्ही हंपीस येऊन पोंचलों. या सहा महिन्यांत तीर्थरूपांशीं आमचें बोलणें 'प्रकृति ठीक?' आणि 'ठीक' यापलीकडे गेलें नव्हतें. भांडण झालें नव्हतें. झालें असतें तर तें मिटलेंहि असतें. तेहेतीस वर्षें एकाच शाळेंत संस्कृत शिकविलेल्या गृहस्थास मुलाचें हें करणें पटलें नव्हतें, आणि न पटलेली गोष्ट दोनदां बोलून दाखविण्याची त्यांस संवय नाहीं.

शेवटीं मातोश्रींनीं तोड काढली. बदामीजवळची बनशंकरी ही आमची कुलदेवी. पौषांतल्या जत्रेची गर्दी होण्याआधीं दर्शन घ्यावें, मुलगा त्या बाजूस आहेच, असें म्हणून त्यांनीं तीर्थरूपांस आगगाडींत बसविलें. सोलापुराहून विजापूर, बागलकोट यांवरून गदगकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बदामीचें स्टेशन लागतें. गांव तेथून सुमारें पांच किलोमीटर आंत आहे. आम्ही हंपीहून आदल्या दिवशींच तेथें येऊन राहिलों होतों. फलाटावर उतरतांच तीर्थरूपांनीं आमच्या पाठीकडे पाहिलें.

"सहा महिन्यांचा संसार एवढाच?"

"अकरा किलो आहे, बाबा."

"हं," एवढेंच ते म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या सामानांत चार पिशव्या होत्या, आणि त्यांतल्या दोन खाण्याच्या.

मोटारीचा प्रश्न त्याच संध्याकाळीं निघाला. तीन दिवसांचें भाडें आम्ही देणार म्हणतांच तीर्थरूप म्हणाले, "मिळकत नसलेल्या मुलाच्या पैशानें मी मोटारींत बसणार नाहीं." त्यांनीं तें द्यावें, हें आमच्या अभिमानास मानवेना. मातोश्रींनीं दोघांकडे पाहून निकाल दिला, "मग सरकारी बस आहे कीं. तिकिटें मी काढतें." येणेंप्रमाणें बसचा प्रवास ठरला.

पहिला दिवस बदामीचाच होता. बदामी म्हणजे जुनी वातापि, चालुक्यांची राजधानी. पहिल्या पुलकेशीचा शके ४६५ (इ. स. ५४३) मधला लेख येथील कड्यावर आहे. तांबड्या दगडाच्या डोंगरांत चार लेणीं खोदलेलीं असून त्यांतलें तिसरें, विष्णूचें, सर्वांत मोठें आहे. तें मंगलेशानें पुरें केल्याचा लेख शके ५०० चा, म्हणजे इ. स. ५७८ चा आहे. एकटे असतों तर हें सर्व आम्हीं दोन तासांत उरकलें असतें. आतां दर दहा पायऱ्यांवर थांबावें लागे. पण थांबल्यामुळेंच पहिल्या लेण्यांतील नृत्य करणाऱ्या शिवाचे अठरा हात मोजून झाले. मातोश्रींच्या हातांतलें केळें माकडानें नेलें, तेव्हां त्यांनीं पिशवी पदराखालीं धरून उरलेलें अगस्त्यतीर्थ पाहिलें.

दुसऱ्या दिवशीं बनशंकरी. कर्नाटक सरकारनें ११ जून २०२३ पासून त्या राज्यांतील रहिवासी स्त्रियांस साध्या सरकारी बसमधून विनामूल्य प्रवासाची सोय केली. बसमधल्या बायकांस शून्य रुपयांचें तिकीट मिळालें. मातोश्रींचा राहण्याचा दाखला पुण्याचा असल्यानें त्यांस पैसे पडले. आम्ही कांहीं बोलूं जातों तों त्या म्हणाल्या, "पडूं देत. देवीच्या दाराशीं उधारी नको." पुढच्या बाकावर त्या दोन कानडी बायांच्या मध्यें बसल्या. एकीनें "ऊटा आयता?" म्हणून जेवणाचें विचारलें. उत्तरादाखल मातोश्रींनीं धपाट्यांचा डबाच उघडला. बनशंकरी येईपर्यंत डबा अर्धा झाला होता आणि शेंगदाण्याच्या चटणींत लसूण किती, हा विचार दोन भाषांतून चालू होता. भाड्याच्या मोटारींत मातोश्रींस बोलावयास कोण मिळालें असतें? दर्शन झालें, ओटी भरली. बाहेर टोपल्या घेऊन बसलेल्या बायांकडून ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी व दहीं घेऊन आम्ही हरिद्रातीर्थाच्या कांठीं जेवलों.

तिसऱ्या दिवशीं सकाळींच पट्टदकलची बस धरली. अंतर बावीस किलोमीटरांचें. मलप्रभेच्या कांठचें तेथील विरूपाक्षाचें देऊळ दुसऱ्या विक्रमादित्याच्या कांचीवरील विजयाप्रीत्यर्थ त्याची राणी लोकमहादेवी हिनें आठव्या शतकांत बांधविलें. तेथें आजहि पूजा चालते. नवऱ्याच्या पराक्रमाचें देऊळ बायकोनें बांधावें, हें मातोश्रींस पसंत पडलें. "त्यानें तिच्यासाठीं काय बांधलें?" असें त्यांनीं विचारलें. तीर्थरूप पुढच्या मूर्तीकडे वळले.

तेथून ऐहोळे तेरा किलोमीटर. उतरतांना तीर्थरूपांनीं कंडक्टरास मोडक्या कानडींत परतीची वेळ विचारून खिशांतल्या वहींत टिपून घेतली. आम्ही मनांत हंसलों. आमच्या मोबाईलमध्यें सर्व वेळा होत्या. दुर्ग-देवळाची गजपृष्ठाकार पाठ पाहून झाल्यावर आम्हीं सुचविलें, "आतां बस झालें. मेगुतीची टेंकडी चढणीची आहे." तीर्थरूपांचा उजवा गुडघा दुखरा आहे. ते कांहीं न बोलतां पायऱ्यांकडे चालूं लागले.

मेगुती हें टेंकडीवरचें जैन देऊळ. कवि रविकीर्तीनें तें शके ५५६ मध्यें, म्हणजे इ. स. ६३४ मध्यें, बांधविलें आणि भिंतीवर संस्कृत प्रशस्ति कोरविली. दुसऱ्या पुलकेशीनें हर्षाचा मोड केला, तो नव्याण्णव हजार गांवांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाला, हें त्याच शिळेवरून कळतें. शेवटीं रविकीर्ति आपली तुलना कालिदास व भारवि यांच्याशीं करतो. म्हणून हे दोघे कवि इ. स. ६३४ च्या अलीकडचे नव्हेत, एवढें निश्चित ठरतें. महाकवींच्या काळाविषयींच्या सगळ्या वादांत पाय टेंकावयास जागा आहे ती ही.

तीर्थरूप त्या शिळेसमोर उभे राहिले. जुनी दक्षिणी लिपि त्यांस वाचतां येत नाहीं. पण मजकूर त्यांस पाठ होता. ते ओळींवरून बोट न टेंकवितां नजर फिरवीत होते. बऱ्याच वेळानें म्हणाले, "तेहेतीस वर्षें मुलांकडून हें साल पाठ करून घेतलें. फळ्यावर खडूनें लिहीत असें."

"मग इतक्या वर्षांत कधीं आलां कां नाहीं?" आम्हीं विचारलें. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं.

खालीं उतरून थांब्यावर आलों तों बस नुकतीच गेलेली. मोबाईलमधली वेळ खोटी ठरली. वहींतली खरी होती. तीर्थरूपांनीं वही उघडून दाखविली नाहीं, हें आमच्या अधिक जिव्हारीं लागलें. पुढच्या बसला दीड तास होता. मातोश्रींनीं उरलेलीं धपाटीं काढलीं.

बस आली तेव्हां उन्हें कलतीं झालीं होतीं. मातोश्री पुढें स्त्रियांच्या बाकावर, आणि मागें एका अरुंद बाकावर आम्ही दोघे, खांद्यास खांदा लावून. समोरासमोर बसून जें बोलवत नाहीं, तें शेजारीं बसून, दोघांचीहि नजर खिडकीबाहेर असतां, बोलतां येतें. शेतांतली ज्वारी मागें पडत होती. तीर्थरूप एकदम म्हणाले, "एका मे महिन्यांत निघालों होतों. आगगाडीचें तिकीटहि काढलें होतें. तुझ्या धाकट्या आत्याचें लग्न ठरलें. तें परत केलें. पुढें दरवर्षीं कांहीं ना कांहीं असे. तक्रार नाहीं. घर म्हटलें कीं तें असतेंच."

आम्ही गप्प राहिलों.

"तूं नोकरी सोडलीस तें बरें केलेंस, असें माझ्यानें म्हणवत नाहीं," ते थोड्या वेळानें म्हणाले. "पण गुडघे शाबूत आहेत तोंवर निघालास, एवढें खरें."

यावर काय बोलावें हें आम्हांस सुचलें नाहीं. बदामी येईपर्यंत ते आमच्या खांद्यावर मान टाकून झोंपले होते.

वाचकहो, यांतून मोठा सिद्धांत काढण्याचा आमचा विचार नाहीं. वडीलधाऱ्यांची प्रकृति अगदींच नाजूक असेल तर भाड्याची मोटारच योग्य. पण चालतें-फिरतें माणूस असेल, तर एकदां तरी सरकारी बसनें निघावें. दिवसाला एक गांव, फार तर दोन. चाकावरचें बाक टाळावें. जागा मिळेल अशा सकाळच्या पहिल्या गाडीनें जावें. पाणी व खाणें जवळ ठेवावें. आणि परतीची वेळ उतरतांना कंडक्टरासच विचारावी. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, निघण्यापूर्वीं आईवडिलांस त्यांचें कोणतें स्थळ पाहावयाचें राहून गेलें आहे, हें विचारून घ्यावें. तें बहुधा आपल्या यादींत नसतें, आमच्याहि नव्हतें.

चौथ्या दिवशीं स्टेशनावर गाडी हलतांना तीर्थरूपांनीं खिडकींतून विचारलें, "पुढें कोठें?"

"विजापूर. मग गुलबर्गा."

"बसच्या वेळा विचारून घेत जा," ते म्हणाले.