उचल आणि सुटका

हापूसच्या हंगामात रत्नागिरीच्या बागा राखायला नेपाळी गुरखे असतात. मिरकरवाड्याच्या बोटींवर खलाशीही बरेच नेपाळीच. पोटासाठी आलेली ही माणसं, त्यांना सरसकट पीडित ठरवणं चूकच. पण आगाऊ उचल दिली, कागदपत्रं मालकाने ठेवून घेतली आणि उचल फिटेपर्यंत काम सोडायची सोय उरली नाही, तर ती वेठबिगारी. १९७६च्या कायद्याने ती गुन्हा आहे, आणि अशी उचल फेडायची जबाबदारीही संपते. किती बागायतदारांना हे ठाऊक असेल?

हाही माणसांचा व्यापारच; पण तसं म्हटलं की आपल्याला फक्त मुंबईतली कामाठीपुऱ्याची वेश्यावस्ती आठवते. तिथलं काम मोठंच आहे. प्रवीण आणि प्रीती पाटकरांच्या ‘प्रेरणा’ने १९८८मध्ये तिथे रात्रीचं पाळणाघर काढलं. आई धंद्यावर असते त्या वेळात मुलांना जेवण, अभ्यास, झोपायला सुरक्षित जागा. पुढची पिढी त्याच गल्लीत अडकू नये, हा साधा हिशेब. छाप्याची बातमी होते (आम्हीही ती छापतो). त्यानंतरची कोर्टातली साक्ष, घरच्यांची मनधरणी, हाताला काम मिळवून देणं हे वर्षानुवर्षं संस्थांच्याच गळ्यात पडतं.

बागायतदारांनो, बोटमालकांनो, यंदा माणसं आणाल तेव्हा पगार दलालाकडे न देता त्यांच्या हातात द्या, पोरं जवळच्या शाळेत घाला. आणि एखादं मूल संकटात दिसलं तर कोणीही १०९८ फिरवा. फोनला पैसे पडत नाहीत.