गव्हाच्या ओंबीवरील संकट आणि पूर्व सीमेवरील दक्षता

गव्हावरील परिचित बुरशीजन्य रोगांपैकी अनेक रोग आधी पानांवर दिसतात. तांबेऱ्याचे ठिपके आढळताच शेतकरी फवारणी करतो आणि पिकाचा बराच भाग वाचवतो. ‘ब्लास्ट’ अर्थात करपा ही सवड देत नाही. ही बुरशी प्रामुख्याने ओंबीवरच हल्ला करते.

ओंबीच्या दांड्यात बुरशी शिरली की त्या जागेच्या वरच्या भागाचा अन्न-पाणीपुरवठा तुटतो. वरचा भाग पांढरा पडतो, खालचा हिरवाच राहतो. फुलोऱ्याच्या सुमारास लागण झाल्यास दाणाच धरत नाही. दाणे भरताना झाल्यास ते सुरकुतलेले आणि हलके राहतात. लांबून मात्र शेत लवकर पिकल्यासारखे दिसते. लक्षणे दिसेपर्यंत फवारणीची वेळ टळून गेलेली असते. काणी रोगातही दाण्याऐवजी काळी भुकटीच हाती येते. पण काणीची बुरशी बियाण्यातूनच पसरत असल्याने बीजप्रक्रियेने तिला आवर घालता येतो. ब्लास्टची बुरशी बियाण्याबरोबरच वाऱ्यानेही पसरते आणि रानटी गवतांवरही तग धरते. त्यामुळे बीजप्रक्रिया आवश्यक असली तरी पुरेशी नाही.

ब्राझीलच्या पाराना राज्यात १९८५ मध्ये हा रोग प्रथम आढळला. तीन दशके तो दक्षिण अमेरिकेपुरता मर्यादित होता. २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेशात सुमारे १५ हजार हेक्टरवरील गहू त्याच्या तडाख्यात सापडला. तेथील बुरशीचे दक्षिण अमेरिकेतील बुरशीशी निकटचे नाते असल्याचे जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झाले. आयात गव्हातून तिचा प्रवेश झाला असावा, हा संशय त्यातूनच बळावला.

२०१७ मध्ये पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद आणि नदिया जिल्ह्यांत ब्लास्टसदृश लक्षणे दिसताच उभे पीक जाळण्यात आले. त्यानंतर या दोन्ही जिल्ह्यांत तसेच बांगलादेश सीमेलगतच्या पाच किलोमीटरच्या पट्ट्यात गव्हाच्या पेरणीवर बंदी घालण्यात आली. देशाच्या गहू उत्पादनात बंगालचा वाटा अल्प असल्याने दिल्लीच्या दृष्टीने हा सौदा स्वस्त होता. ज्याची दोन एकर जमीन नेमकी त्या पट्ट्यात होती, त्याला मात्र मसूर वा मक्याकडे वळावे लागले. देशाच्या धान्यकोठाराच्या रक्षणाचा भार सीमेवरील अल्पभूधारकांवर पडला, ही बाब या धोरणाच्या चर्चेत बहुधा मागेच राहिली.

पंजाब-हरियाणाला आजवर थंडीने तारले आहे. या बुरशीला २५ ते ३० अंश तापमान आणि ओंबीवर दीर्घकाळ टिकणारा ओलावा मानवतो. वायव्येकडील गहू फुलोऱ्यात येतो तेव्हा हवा सहसा तेवढी उष्ण नसते. तथापि २०२२ च्या मार्चमधील उष्म्याने या भरवशाच्या मर्यादा दाखवून दिल्या. त्या वर्षी ब्लास्ट आला नाही. पण नुसत्या उष्णतेनेही दाणे बारीक राहिले आणि मे महिन्यात केंद्राने गव्हाची निर्यात रोखली.

प्रतिकारक वाणांचे काम पुढे सरकले आहे. बांगलादेशाने २०१७ मध्ये ‘बारी गम ३३’ हे वाण प्रसारित केले. भारतीय वाणांची परीक्षा बोलिव्हियात आणि बांगलादेशातील जशोर येथे घेण्यात आली व त्यांपैकी काही प्रतिकारक ठरली. परंतु यांतील बऱ्याच वाणांची भिस्त एका रानटी गवतापासून गव्हात आलेल्या ‘टू-एन-एस’ या एकाच गुणसूत्रखंडावर आहे, आणि त्यालाही दाद न देणारे बुरशीचे प्रकार दक्षिण अमेरिकेत आढळले आहेत.