हायड्रोजनचे गणित तासांत मांडा

हरित हायड्रोजनची चर्चा आपल्याकडे कोटी आणि टन यांच्यापुढे सरकत नाही. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेली मोहीम १९,७४४ कोटींची आणि २०३० पर्यंतचे उद्दिष्ट वर्षाला ५० लाख टनांचे, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यातले संशोधनासाठीचे ४०० कोटी मात्र कोणाच्या बोलण्यात येत नाहीत. नेहमीच्या इलेक्ट्रोलायझरला किलोभर हायड्रोजनसाठी ५० ते ५५ युनिट वीज लागते. सॉलिड ऑक्साइड सेल ७०० ते ८५० अंश सेल्सिअसला वाफेचे विघटन करतात. वाफ बाहेरून आयती मिळाली तर हेच काम ४० युनिटांच्या आसपास होते. एवढी बचत हाताशी असताना हे तंत्र मागे का राहिले? अडचण कार्यक्षमतेची नाही, साहित्याच्या आयुष्याची आहे.

या सेलचा गाभा म्हणजे इट्रियम मिसळलेल्या झिर्कोनियाचा पातळ थर. त्यातून फक्त ऑक्सिजनचे आयन जातात. एका बाजूला निकेलमिश्रित सिरॅमिक, दुसऱ्या बाजूला लँथनम-स्ट्राँशियमयुक्त ऑक्साइड. वीजनिर्मितीसाठी हा सेल चांगला टिकतो: जर्मनीत युलिश येथे २००७ मध्ये सुरू केलेला संच २०१९ पर्यंत, लाखाहून अधिक तास, ७०० अंशांना तापलेला राहिला. पण तोच सेल उलटा चालवून हायड्रोजन काढू लागलो की निकेलचे कण झिर्कोनियापासून दूर सरकतात आणि जिथे त्यांची गरज असते तिथेच पोकळी उरते. पलीकडे ऑक्सिजनचा दाब साठून इलेक्ट्रोड गिलाव्यासारखा सुटतो. स्ट्राँशियम झिर्कोनियाशी संयोग पावून वीज अडवणारा थर तयार करते, म्हणून मध्ये गॅडोलिनियम मिसळलेल्या सेरियाचा पडदा घालावा लागतो. जोडपट्ट्यांच्या पोलादातून क्रोमियमची वाफ निघते, ती वेगळीच. दर हजार तासांना अर्धा टक्का घसरण किरकोळ वाटेल. पाच वर्षांच्या सुमारे ४४ हजार तासांत ती वीस टक्क्यांच्या वर जाते. गेल्या दोन दशकांतली खरी प्रगती या झिजेशी झालेल्या झटापटीत आहे. सेरियाच्या इलेक्ट्रोलाइटमुळे तापमान ६०० अंशांच्या आसपास आणता येते, त्यामुळे पोलादाचा आधारही चालतो. हे मला नव्या कार्यक्षमतेच्या विक्रमांपेक्षा मोलाचे वाटते.

दिवसा ऊन, रात्री अंधार असताना रोज तापणारे-थंडावणारे सिरॅमिक तडकेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हे तंत्र सरसकट सौर प्रकल्पांना जोडू नये. अमोनियाची प्रक्रिया उष्णता सोडते, तिच्यावर वाफ तयार होते. अलिबागजवळच्या थळसारख्या खत कारखान्यांचा विचार आधी व्हावा. तयार संच आयात करू, असे म्हणणाऱ्यांनी एप्रिल २०२५ आठवावा: चीनने त्या महिन्यात ज्या सात दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर नियंत्रण आणले, त्यांत इट्रियम, गॅडोलिनियम आणि स्कँडियम होते. झिर्कॉन मात्र आपल्या केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या वाळूत आहे आणि कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेकडे या सेलचा अनुभवही आहे. अडते ते वेळेवर. तीन वर्षांच्या प्रकल्प-अनुदानात २६ हजार तासच बसतात, आणि साहित्य विकसित करण्यातच त्यातले निम्मे जातात. पाच वर्षे अखंड चालणारे चाचणी-कक्ष, तिथली न तुटणारी वीज आणि तंत्रज्ञांचे पगार यांची तरतूद त्या ४०० कोटींत आधी व्हायला हवी.