खातं कुणाच्या हातात



१४ एप्रिलला आपण डीजे लावतो, निळा गुलाल उधळतो. उधळू, तो आपला हक्कच आहे. पण बाबासाहेबांची एक चार वर्षं मिरवणुकीच्या एकाही ट्रकवर दिसत नाहीत. जुलै १९४२ ते १९४६च्या मध्यापर्यंत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. नाव मजूर खातं, पण त्याच्या पोटात सरकारी बांधकामं होती, पाटबंधारे होते, वीज होती, खाणी होत्या.

युद्ध संपलं की लाखो शिपाई घरी येणार, दारूगोळ्याचे कारखाने थंड पडणार. या माणसांना काम द्यायचं तर धरणं, वीजघरं, रस्ते यांचे आराखडे आधीच तयार पाहिजेत. तोफा थांबल्यावर नकाशा काढायला बसलं तर तोवर लोक उपाशी मरणार. आणि घोळ असा, की १९३५च्या कायद्यानं पाटबंधारे प्रांतांच्या ताब्यात. नदीला कुठं प्रांत कळतो? आपली तापी बघा. मुलताईला उगवते, बऱ्हाणपूर करून जळगावात शिरते, हतनूरला अडते आणि पुढं गुजरातेत उकाईच्या धरणात जाते. तीन सरकारं आणि पाणी एकच.

१९४३च्या जुलैत दामोदरला पूर आला. बंगालमध्ये बांध फुटला, रस्ता आणि रेल्वे दोन्ही तुटले. दिल्लीकडं असा प्रश्न हाताळायला नदीचं जाणकार स्वतंत्र मंडळच नव्हतं. मजूर खात्यानं ते उभं केलं. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ, एप्रिल १९४५ मध्ये जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयनाचा केंद्रीय आयोग, इंजिनिअर ए. एन. खोसला त्याचे अध्यक्ष. आजचा केंद्रीय जल आयोग त्याचाच वारस. विचार सरळ होता: पूर, वीज, शेतीचं पाणी, होड्यांची वाट, सगळ्याचा हिशेब एका खोऱ्यात, एका टेबलावर मांडायचा. १९४५ मध्ये कलकत्त्याला बंगाल आणि बिहारला समोरासमोर बसवलं. लाभ खोऱ्यातल्या अगदी तळाच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे, हेही तिथं प्रांतांना बजावलं. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ झालं, तेव्हा ते त्या खात्यात नव्हते.

हा माणूस पुलाचा हिशेब कुठं शिकला, ते आपल्या जिल्ह्याला माहीत पाहिजे. २३ ऑक्टोबर १९२९. सरकारी समितीचं काम करून धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकणारा आपलाच एक माणूस, ज्यानं कधी लगाम धरला नव्हता. वाटेत नदीवर बिनकठड्याचा दगडी पूल. चाक दगडात अडकलं, टांगा उलटला, घोडा नदीत आणि बाबासाहेब फरशीवर. पाय मोडला. त्यांनीच हे पुढं लिहून ठेवलंय. कठडा नसलेला पूल आणि जात असलेला टांगेवाला, दोन्हींनी मिळून तो पाय मोडला. तेरा वर्षांनी पुलांचं खातं त्यांच्या हाती आलं.

मी मॅट्रिक, गोदीत बोजे वाहतो. इंजिनिअरिंग मला कळत नाही, पण खात्यांची वाटणी अंगावर कळते. क्रेन एकाची, माल दुसऱ्याचा, आमची हजेरी तिसऱ्या ठेकेदाराच्या वहीत. माणूस वरून पडला की तिघंही म्हणतात, हे आमच्याकडं येत नाही. म्हणून मजूर आणि बांधकाम एका खात्यात असणं मला लहान गोष्ट वाटत नाही. ती जोडणी बाबासाहेबांनी केली नव्हती, इंग्रजांनीच तसं ठेवलं होतं. पण तिचा अर्थ त्यांनी वापरला. १९४६ मध्ये खात्याची फाळणी झाली: मजूर इकडं, बांधकाम-खाणी-वीज तिकडं. तेव्हापासून धरणाची फाइल सिमेंट मोजते आणि टोपल्या वाहणारी बाई दुसऱ्या कचेरीत आपलं नाव शोधते.

आपल्यातले काही मोबाइलवर फिरवतात, भारतातली सगळी धरणं बाबासाहेबांनी बांधली. असलं खोटं कशाला? खऱ्याला काय कमी आहे? आणि मग धरणांनी जे बुडवलं तेही आपल्याच पदरात घ्याल का? सरदार सरोवरात अक्कलकुवा-अक्राणीची तेहतीस आदिवासी गावं गेली. तळाच्या माणसाला लाभ म्हणजे हा? पाट काढला तरी पाणी शेताला मिळतं, आणि ज्याला शेतच नाही त्यानं पाटाच्या कडेनं चालायचं.

तेव्हा घोषणा थोडी बाजूला ठेवा. आपापल्या तालुक्यातलं एक काम धरा, पूल असो, पाटचारी असो, पाण्याची टाकी असो. आराखडा कुठल्या खात्यानं काढला, ठेका कुणाला गेला, मजुरी किती पडली, काम वस्तीच्या अलीकडं थांबलं की पलीकडं गेलं, माहितीच्या अधिकारात अर्ज करा, विचारा. साहेब म्हणेल, हे आमच्या खात्यात येत नाही. मग कुणाच्या खात्यात येतं ते लेखी मागा. उत्तर आलं तर उत्तर, नाही आलं तर अर्जाची पोच, जे असेल ते पाठवा. पुढच्या अंकाची चार पानं त्यासाठी मोकळी ठेवलीत.