ज्ञानमंदिराच्या किल्ल्या कोणाच्या हाती?

नाशिक येथे १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. शाळा अर्ध्यावर सुटलेला कामगार, संसारात गुंतलेली गृहिणी यांच्या दाराशी शिक्षण नेणे हे राष्ट्रकार्यच होय. पूर्वी दूरशिक्षणाची सारी भिस्त छापील पुस्तकांवर होती; आता ते संगणकावर आणि मोबाइलवरही आले आहे. मात्र पुस्तक आपल्या वाचकाची नोंद ठेवीत नसे. ऑनलाइन व्यासपीठ ठेवते. विद्यार्थी केव्हा आला, कोणता धडा त्याने अर्धवट सोडला, कोणत्या चाचणीत तो अडखळला, हे सारे तेथे लिहिले जाते.

ही माहिती एका प्रणालीकडून दुसरीकडे जाते ती ‘एपीआय’ या मार्गाने. तो नसता, तर हजारो नावे आणि गुण लिपिकांना पुनःपुन्हा लिहावे लागले असते. परंतु ज्याच्या हाती या मार्गाचे ‘टोकन’, म्हणजे किल्ली, त्याला प्रणाली निमूटपणे माहिती देते. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘मूडल’ या मुक्तस्रोत प्रणालीत हे दार बंद ठेवता येते. ते उघडताना किल्ली कोणत्या कामापुरती, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या संगणकासाठी, हे ठरवून देता येते. सोय आहे, प्रश्न शिस्तीचा आहे. कामाच्या घाईत ठेकेदाराच्या हाती सर्वाधिकाराची किल्ली सोपवली, तर दोष यंत्राचा कसा?

येथे केवळ स्वदेशीचा शिक्का पुरेसा नाही. २०१७ साली सुरू झालेले ‘दीक्षा’ हे व्यासपीठ भारतीयांनीच उभारले, याचा अभिमान सार्थ आहे. तरीही त्यातील दहा लाखांहून अधिक शिक्षकांची आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती असुरक्षित सर्व्हरवर उघडी राहिल्याचे जानेवारी २०२३ मध्ये उजेडात आले. सर्व्हर परकीय कंपनीच्या क्लाउडवर होता. कुलूप लावण्याचे कर्तव्य मात्र आपलेच होते. स्वदेशी म्हणजे वस्तूचे जन्मस्थान नव्हे, तर तिच्याविषयीचे उत्तरदायित्व होय.

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व मान्य केले असून सुरक्षेतील कसुरीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. शिक्षणसंस्थांना त्यात काही सवलती आहेत. म्हणूनच त्यांची नैतिक जबाबदारी अधिक.

भारतीय परंपरेत गुरू शिष्याची उणीव ओळखतो, ती चव्हाट्यावर मांडत नाही. हाच धर्म आजच्या विद्यापीठांचा आणि शिकवणीवर्गांचा असला पाहिजे. दिलेल्या प्रत्येक किल्लीची नोंद असावी, काम संपताच ती रद्द व्हावी. पालकांनी प्रवेशाच्या वेळी शुल्काबरोबर हाही प्रश्न विचारावा. संगणकक्षेत्रातील कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातील शाळांना या तपासणीसाठी चार तास द्यावेत. ज्ञानगंगा घरोघरी जावी. घराघरातील खासगी गोष्टी मात्र तिच्या प्रवाहाबरोबर वाहून जाऊ नयेत.