आपटून पाहायला माझा देह चालेल

शरीररचनाशास्त्र शिकवत होते तेव्हा देहदानाचे फॉर्म माझ्याच टेबलावर यायचे. एकदा स्कूटरचं गॅरेज चालवणारे एक काका आले. "बाई, नेमकं करणार काय माझं?" मी ठरलेलं उत्तर दिलं, मुलं शिकतील. "एवढंच?" म्हणाले.

काकांना सांगायला हवं होतं ते निवृत्तीनंतर सुचतंय. १९३९पासून डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात गर्जियन हे मेंदूचे सर्जन आणि लिस्नर हे इंजिनिअर कवटीला किती फटका सोसतो ते मोजत होते. त्यासाठी मृतदेह लिफ्टच्या रिकाम्या विहिरीतून खाली सोडले गेले. ऐकायला भयंकर. पण किती मिलिसेकंदांत किती धक्का डोकं झेलतं याचा आलेख त्यातूनच निघाला, आणि गाड्यांच्या धडक-चाचणीत डोक्याची इजा आजही त्याच आलेखातून आलेल्या निकषावर मोजतात. चाचणीतला पुतळा कितीही हुशार असो, त्याची बरगडी किती दबावी हे आधी कुणीतरी मेलेल्या माणसानंच सांगितलेलं असतं.

विहिरीत हळू उतरलं तर पाणी वाट देतं. सूर चुकला की तेच पाणी पोटावर सणसणीत बसतं. शरीराचंही थोडंफार तसंच. सावकाश ताणलेला अस्थिबंध लवतो, झटक्यानं ओढलेला ताठ होतो. म्हणून सावकाश दाबून घेतलेले आकडे अपघाताला लागू पडत नाहीत. आणि आमच्या विच्छेदनाच्या हॉलमधले, फॉर्मॅलिन लावलेले देह तर या कामाला जवळजवळ निरुपयोगी. ताजा मेंदू खरवसाहून मऊ, फॉर्मॅलिनमधला घट्ट पनीरसारखा. इथे फॉर्मॅलिन न लावलेला, थंड ठेवलेला देहच हवा.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की देहदानाच्या फॉर्मवर एक वेगळी ओळ हवी: 'आघाताच्या चाचणीसाठी देह वापरण्यास संमती आहे / नाही.' मी सह्या घेतल्या त्या फॉर्मांत ती नव्हती. न विचारता वापरणं मात्र मुळीच नको. अमेरिकेत दान केलेले काही देह परवानगीशिवाय लष्कराच्या स्फोट-चाचण्यांत गेल्याचं २०१६मध्ये उघड झालं. घरच्यांना काय वाटलं असेल?

विटंबना होईल, असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, आम्ही कवटी करवतीनं कापतो ती कुठे हळुवार असते? आणि देह बायकांचेही हवेत. धडक-चाचणीतला नेहमीचा पुतळा ७८ किलोचा पुरुष. बाईचा म्हणून वापरतात तो बराच काळ त्याचाच आकार लहान करून केलेला. मी दीडशे सेंटिमीटर उंचीची. माझी मान त्याच्या मानेची छोटी आवृत्ती नाही, हे सांगायला शरीररचनेची प्राध्यापक कशाला हवी!

माझा फॉर्म भरून झालाय. ती ओळ समासात पेनानं लिहिली. साक्षीदार म्हणून सही करताना लेकीनं विचारलं, "आई, तुला हेल्मेट घालून आपटणार का?"

म्हटलं, "मला घालतील, दुसऱ्या कुणाला नाही. नाहीतर तुलना कशी करणार?"